रात्रीच्या सामन्यात फ्लॅश नको

आपल्या शाळेत फुटबॉल बराचसा रात्री खेळला जातो, आणि ते कोणाच्या हौसेखातर नाही. मे महिन्यात दिल्लीच्या आसपास पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. दुपारी चारला मैदानात उतरणे म्हणजे तापल्या तव्यावर उभे राहणे. डिसेंबरात उलटी गत. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वर्ग, चहा, फॉल-इन आटोपून मैदानावर पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. म्हणून आंतर-हाऊस सामने दिव्यांखाली होतात. प्रश्न त्या सामन्यांच्या फोटोंचा आहे, आणि माझे मत सरळ आहे. चेंडू खेळात असताना फ्लॅश मारायला बंदी असावी. मी स्वतः फोटोग्राफी क्लबमध्ये आहे, तरीही हे म्हणतो.

पहिले कारण खेळाडूचे. रात्रीच्या मार्चला निघताना आपल्याला काय सांगतात? टॉर्च लावायचा नाही. नकाशा बघायचाच असेल तर लाल कागद लावून, हाताच्या आडोशाने. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत उजेडाने ती क्षणात जाते. फुटबॉलच्या मैदानावर काळोख नसतो हे मान्य. पण आपले मैदान काही मोठे स्टेडियम नाही. चार खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये सावलीचे पट्टे आहेत. तिथे कॉर्नर किकच्या वेळी गोलकीपर वर बघत असताना बाजूने फ्लॅश पडला, की त्याच्या डोळ्यांपुढे काही क्षण पांढरा ठिपका तरंगत राहतो. चेंडू तेवढा वेळ थांबत नाही.

मागच्या अंतिम सामन्यात आमच्या गोलकीपरच्या बाबतीत हेच झाले. गोलपोस्टच्या शेजारून फ्लॅश पडला आणि चेंडू आत गेला. फ्लॅशमुळेच गोल झाला असे मी म्हणत नाही; कदाचित तो तसाही झाला असता. पण पुढे काय झाले ते बघा. तोच फोटो नोटीस बोर्डवर लागला. मागे मिट्ट काळोख, पुढे चुन्यासारखा पांढरा चेहरा, डोळे गच्च मिटलेले. आठवडाभर मुले त्यावर हसत होती. ज्याने त्या सामन्यात चार चांगले गोल वाचवले, त्याचा शाळेच्या भिंतीवर उरलेला एकमेव फोटो हा. तो मुलगा या वर्षी पास आउट होईल. मला हे पटत नाही.

दुसरे कारण असे, की फ्लॅशने फोटो चांगला येतच नाही. हा केवळ आवडीनिवडीचा भाग नाही, साधे गणित आहे. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात. आयएसओ १०० ला गाइड नंबर ४० असलेला फ्लॅश घ्या आणि कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स एफ/५.६ वर ठेवा. ४० ला ५.६ ने भागले की येतात सुमारे ७ मीटर. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर असते. म्हणजे गोलमागे उभे राहून मारलेला फ्लॅश पेनल्टी घेणाऱ्यापर्यंतही नीट पोहोचत नाही. आयएसओ १६०० केला तर पल्ला चौपट होतो, २८ मीटर. तरी अर्धे मैदान साधारण ५० मीटर असते. जवळचा खेळाडू भुतासारखा पांढरा आणि बाकीचे काळोखात, असा फोटो येतो तो याच कारणाने. गॅलरीतून मोबाइलचा फ्लॅश मारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांचा उजेड पुढच्या रांगेतल्या मुलाच्या मानेवर पडतो आणि तिथेच संपतो.

आणखी एक अडचण आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश नेहमीच्या पद्धतीने १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच शटरशी जुळतो. शिवाय एकदा पूर्ण ताकदीने उडाला की पुन्हा भरायला त्याला काही सेकंद लागतात. कॉर्नर, हेडर, गोलकीपरने परतवलेला चेंडू आणि पुन्हा शॉट, हे सगळे तेवढ्यात होऊन जाते. फ्लॅशवाल्याला एक फोटो मिळतो, तोही बहुधा आधीचा.

त्यात आपली हवा. ऑक्टोबर सरला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, सगळीकडे धूर आणि धूळ साचते आणि जानेवारीत धुके उतरते. दाट धुक्यात यमुना एक्सप्रेसवेवर गाडीचा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे तिथून घरी जाणाऱ्या कोणालाही विचारा. फ्लॅश तेच करतो. लेन्ससमोरच्या धुळीवर आणि पाण्याच्या थेंबांवर उजेड पडून फोटोभर पांढरे ठिपके उमटतात, आणि खेळाडू त्यांच्या मागे राहतो.

मग फ्लॅशशिवाय जमते का? जमते. त्यासाठी चार गोष्टी शिकाव्या लागतात.

एक, लेन्स. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही बाजारातल्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक. एफ/५.६ च्या तुलनेत ती नऊ ते दहा पट उजेड आत घेते. तिच्यात झूम नाही, म्हणून आपल्याला पाय हलवावे लागतात. कॅडेटला त्याची तक्रार असू नये.

दोन, शटर. जोरात मारलेला चेंडू सेकंदाला २० मीटर जातो असे धरा. १/६० सेकंदात तो ३३ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीपेक्षाही जास्त. फोटोत नुसता पट्टा दिसतो. १/५०० सेकंदात तो ४ सेंटिमीटर सरकतो आणि चेंडूसारखा दिसतो. उजेड फारच कमी असेल तर नववीच्या भौतिकशास्त्राची मदत घ्यावी. हेडरसाठी उडालेला खेळाडू सर्वांत वर पोहोचतो तेव्हा त्याचा वर जाण्याचा वेग शून्य असतो. त्या बिंदूच्या थोडे आधी आणि थोडे नंतर मिळून दशांश सेकंदभर त्याचे डोके जेमतेम सव्वा सेंटिमीटर वरखाली होते. त्या वेळी बटण दाबले तर १/२५० सुद्धा चालते. मात्र तो कधी उडणार हे आधी ओळखता यायला हवे, आणि त्यासाठी खेळ समजायला हवा.

तीन, आयएसओ आणि मोजमाप. आयएसओ ३२०० किंवा ६४०० ठेवायला घाबरू नये. एक्स्पोजर मात्र स्वतः ठरवावे. कॅमेऱ्याला काळे आकाश दिसले की त्याला वाटते सगळेच अंधारात आहे, आणि तो पांढऱ्या जर्सी जाळून टाकतो.

चार, दिव्यांचा स्वभाव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/५०० च्या शटरला कळते. एक फोटो उजळ येतो, पुढचा पिवळट आणि काळपट. कॅमेरा बिघडलेला नसतो. अशा वेळी एकाऐवजी चार-पाच फोटो सलग घ्यावेत, आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करावे.

दिल्लीचेच उदाहरण देतो. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत आणि कोलंबिया यांचा सामना रात्री झाला. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगने हेडरने गोल केला. कोणत्याही फिफा विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. मी तेव्हा लहान होतो. आज मला तो गोल फोटोंतून आणि व्हिडिओतून माहीत आहे. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल केला आणि आपण २-१ ने हरलो. आनंद एक मिनिटभर टिकला, पण तो टिपला गेला. एवढ्या मोठ्या स्टेडियमच्या दिव्यांशी आपल्या चार खांबांची तुलना होत नाही हे खरे. पण उभे कुठे राहायचे, कोणाकडे बघायचे आणि कधी दाबायचे, हे दोन्हीकडे सारखेच आहे. आणि ती मुले आपल्यापेक्षा फार तर एक-दोन वर्षांनी मोठी होती.

माझ्या मताला विरोध करणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला असा, की जुने नामवंत छायाचित्रकार फ्लॅश वापरायचेच की. वापरायचे, कारण त्यांची फिल्म आजच्या मानाने फार मंद होती. होमाई व्यारावाला १९४२ पासून दिल्लीत काम करत होत्या. त्या काळचा फ्लॅशबल्ब एकदा पेटला की संपला. पुढच्या फोटोला नवा बल्ब. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, आपल्यापुढे आहे.

दुसरा मुद्दा वजनदार आहे. घरच्यांना मुलाचा चेहरा स्पष्ट हवा असतो. कोणाचे बाबा सीमेवर आहेत, कोणाची आई साताऱ्याला किंवा लातूरला. वर्षातून दोनदा भेट होते आणि एरवी फोटोच हातात असतो. हे मला समजते, माझ्याही घरी तसेच आहे. म्हणून सामन्याआधी संघ ओळीत उभा असतो तेव्हा खुशाल फ्लॅश मारा. बक्षीस समारंभातही मारा. तिथे कोणाचा चेंडू सुटत नाही. पण मुलगा खेळतो कसा, हेही आईला बघायचे असते. ते फ्लॅशमध्ये दिसत नाही.

तिसरा मुद्दा म्हणे, जास्त आयएसओचे फोटो रवाळ येतात आणि मासिकात शोभत नाहीत. परिणाम बघा. मागच्या अंकात फुटबॉलच्या पानावर चषक होता, प्रमुख पाहुणे होते, हारतुरे होते; खेळ नव्हता. रवाळ म्हणून बाजूला ठेवलेल्या फोटोंत चिखल होता, तोंडातून निघणारी वाफ होती, पाय घसरून पडताना बॅकने अडवलेला चेंडू होता. रात्री खेळलेला सामना रात्रीचाच दिसायला हवा. थोडे रवे दिसले तर बिघडले कुठे?

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानाच्या कडेने आणि गॅलरीतून फ्लॅश बंद ठेवावा, मोबाइलचाही, आणि हे सामन्याआधी माइकवरून सांगावे. क्लबला पुढच्या वेळी पैसे मिळतील तेव्हा आणखी एक फ्लॅश घेण्याऐवजी ती ५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. आणि संपादक मंडळाने खेळाच्या पानावर खेळाचा निदान एक फोटो छापावा, रवाळ असला तरी.

आमच्या हाऊसचा गोलकीपर पास आउट होण्याआधी रात्रीचे आणखी दोन सामने खेळणार आहे. डोळे उघडे असलेला त्याचा एक फोटो शाळेजवळ राहावा, एवढ्यासाठी तरी हा नियम या सत्रापासूनच लागू व्हावा.