उन्हाळ्यात येता, तसे पावसाळ्यातही या



शाळा-कॉलेजांना सुट्टी लागली की आपल्या पाड्यांवर सेवेची मंडळी यायला लागतात. शहरातली पोरंपोरी असतात, संगे एखादा पास्टर असतो. गोळ्या वाटतात, मुलांना गाणी-गोष्टी शिकवतात, रात्री प्रार्थना घेतात. महिना-पंधरा दिवसांनी परत जातात. यंदाही आली आहेत. डांगात जे झालं त्यानंतर गावोगाव एकच प्रश्न विचारला जातोय, यांना येऊ द्यावं का? कोणी म्हणतं हाकला. कोणी म्हणतं, औषध देतात ना, मग आपलं काय जातं. संघटनेने यावर बोललं पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी थोडं जुनं. खानदेशात मिशन काल आलेलं नाही. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी भुसावळ, बोदवड, जळगाव, तिकडे खामगाव, अकोला अशी ठाणी घातली. बोदवड म्हणजे रेल्वेचं स्टेशन, कपाशीची काळी जमीन, मोठा बाजार. जंगल तिथून लांब. 1896-97 आणि लगेच 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. दुसऱ्याला जुनी माणसं छप्पन्या म्हणतात. त्या काळात पोरकी झालेली लेकरं मिशनांनी सांभाळली, ही गोष्ट नाकारू नये. पश्चिमेला नवापूरकडे दुसऱ्या मिशनांनी काम केलं. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात आपल्यातल्या किती बाया बाळंत झाल्या, ते घरोघर विचारा.

तेव्हाचे साहेब मिशनरी दौरा थंडीत काढत. बैलगाडी, तंबू, गावाबाहेर मुक्काम. उन्हाळा लागला की थंड हवेच्या डोंगरावर जात. आता उलटं झालंय, ऐन वैशाखात सेवा असते. कारण साधं आहे, सुट्टी त्यांना तेव्हाच असते. आपल्याला तेव्हा सुट्टी असते का? महू वेचून झालेला असतो, टेंभरूची पानं सुरू असतात. बाई पहाटे तीनला उठून जंगलात जाते आणि दुपारी पुडे बांधत बसते. सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेले नुकते परत आलेले असतात, उचल फिटली की नाही त्याचा हिशोब चाललेला असतो. लग्नं असतात. आणि याच दिवसांत वन खात्याची माणसं पाऊस पडायच्या आत रोपांचे खड्डे खणायला येतात, ते नेमके आपल्या कसलेल्या पट्ट्यात.

आणि माणसं मरतात ती पावसाळ्यात. जुलैत नदीला पूर, रस्ता बंद, घरातले दाणे संपलेले, पोरांना जुलाब, मोठ्यांना हिवताप. तेव्हा ना सरकारी नर्स चढून येते ना सेवेची मंडळी. एका पाड्यावर एक बुढी मला म्हणाली, "दादा, पानी पडनं का कोन्ही येत नई." यात सगळं आलं. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की येणाऱ्यांना हाकलू नका, पण विचारा, जुलै-ऑगस्टात कोण राहणार? दोघं जरी राहिली तरी मेमधल्या वीस जणांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

आता धर्माचं. डांग आपल्याला लागून आहे, नवापूरच्या पलीकडे. 1998 च्या नाताळापासून 1999 च्या जानेवारीपर्यंत तिथे प्रार्थनाघरं जाळली. तेव्हाचे पंतप्रधान येऊन गेले आणि म्हणाले, धर्मांतरावर देशभर चर्चा व्हावी. घरं आदिवासींची जळाली आणि चर्चा कशाची, तर आदिवासीने कोणत्या देवाला हात जोडावे याची! जमीन कोणाच्या नावावर, यावर चर्चा व्हावी असं कोणी म्हटलं नाही.

आपल्याकडे लगेच एक अफवा फिरायला लागली, की जो येशूला मानेल त्याचा आदिवासी दाखला जाईल आणि पट्टाही जाईल. हे खोटं आहे. नीट समजून घ्या. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात घेतले. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस खासदार कार्तिक उरांव यांनी ख्रिस्ती झालेल्यांना यादीतून काढण्याची मागणी लावून धरली होती. ती कायद्यात आली नाही. आणि कायदा कशाला, आपल्या यावल-रावेर-चोपड्याकडे बघा. तडवी भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आहेत. महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीतच तडवी भिल्ल हे नाव छापलेलं आहे. नमाज पढला म्हणून कोणाचा दाखला गेला नाही. मग प्रार्थनेला बसला म्हणून कसा जाईल?

पण एक खरं आहे आणि ते झाकून चालणार नाही. सेवा येऊन गेली की काही पाड्यांत फूट पडते. प्रार्थनेवाली घरं वाघदेवाच्या पूजेची वर्गणी बंद करतात. बाकीचे रागावतात, त्यांना लग्नात बोलावत नाहीत. कुठे तर विहिरीवरूनही बोलाचाली झाली. फॉरेस्ट गार्डला हे दोन दिवसांत कळतं. खड्डे खणायला येतो तेव्हा एका बाजूला सांगतो, तुमचा पट्टा सोडतो, त्यांचा घेतो. आणि आपण बघत बसतो. वर्गणीचा हा घोळ आपणच सोडवायला हवा. देवाची वर्गणी ज्याची त्याने आपल्या मनाने द्यावी, तिची सक्ती नको. संघटनेची वर्गणी जमिनीची आहे, ती प्रत्येक घराने द्यायची. मोर्चाला येताना कोणी क्रॉस घालून यावं, कोणी गंडा बांधून. पाळकांनाही सांगायचं, आमच्या बैठकीच्या रात्री प्रार्थना ठेवू नका.

हीच फूटपट्टी दुसऱ्या बाजूलाही लावा. कल्याण आश्रमवाले येतात, तेही शिबिरं घेतात, वसतिगृहं चालवतात. आपल्याला आदिवासी म्हणायला त्यांची जीभ वळत नाही, वनवासी म्हणतात. वनात राहणारा तो वनवासी. म्हणजे उद्या वनातून काढलं की काहीच नाही! एकाला घुसखोर आणि दुसऱ्याला पाहुणा म्हणायचं, असं संघटनेने करू नये.

सेवेतून आलेली माणसं कुठवर जाऊ शकतात याचं उदाहरण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आहे. येशूसंघाच्या कामातून आलेल्या काही तरुणांना तलासरी-डहाणूकडे कळलं, की प्रश्न जमिनीचा आणि सावकाराचा आहे. 1978 साली त्यांच्यातूनच कष्टकरी संघटना उभी राहिली. प्रदीप प्रभू त्यांतलेच. त्यांच्या नावाने सुप्रीम कोर्टात जो खटला चालला, त्याच्या 1995 च्या निकालाने जंगलपट्ट्यांचे दावे पुन्हा तपासायला लावले. त्यानंतर आपण जो कागद घेऊन तहसीलला जात होतो, त्यात या खटल्याचा आधार होता.

त्यावरून मुद्द्याचं सांगतो. 27 डिसेंबर 1978 च्या शासन निर्णयाप्रमाणे 31 मार्च 1978 पर्यंतचं अतिक्रमण कायम करायचं होतं. पुरावा म्हणून साहेब मागत दंडाची पावती. ज्याच्याकडून गार्डने दंडाऐवजी कोंबडी नेली, त्याच्याकडे पावती कुठली? पण जुन्या मिशनांना लिहायची सवय होती. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, शाळेचा हजेरीपट, दवाखान्याची वही. त्यात माणसाचं नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव आणि तारीख असते. एवढ्याने अमुक शेत अमुक माणूस कसत होता हे सिद्ध होत नाही. पण तो पाडा तिथे होता, ती माणसं तिथे राहत होती, काल-परवा घुसलेली नाहीत, एवढं तरी दिसतं. पंचांचे जबाब आणि म्हाताऱ्यांची साक्ष त्याला जोडली की दाव्याला वजन येतं.

तेव्हा सेवेच्या मंडळींना हे काम सांगा. तुमच्यात शिकलेली पोरं आहेत, अक्षर चांगलं आहे. मिशनच्या कपाटातली जुनी रजिस्टरं उघडा, आमच्या पाड्यांची नावं शोधा, उतारे काढून सही-शिक्क्यासह द्या. ख्रिस्ती घरांचे द्या, तसे दवाखान्यात आलेल्या बिगरख्रिस्ती घरांचेही द्या. दुपारी आमच्या बाया पानं बांधतात तेव्हा लेकरं सांभाळा. रात्री प्रार्थना झाल्यावर अर्धा तास सातबारा कसा वाचायचा ते तरुणांना शिकवा. जो पास्टर याला हो म्हणेल, त्याच्या मुक्कामाची सोय गावाने करावी.

पाऊस पडायच्या आत प्रत्येक पाड्याने दोन माणसं नेमावी, एक प्रार्थनेला जाणाऱ्या घरातला, एक न जाणाऱ्या. दोघांनी मिळून घरोघर फिरून यादी करायची: कोण कधीपासून कसतो, पावती आहे का, कोणाचं नाव कुठल्या मिशन शाळेत किंवा दवाखान्यात लागलं असेल. यादी पुढच्या बैठकीला आणा. वही दोनशे पानी घ्या, पातळ वही पावसात टिकत नाही.