पराणी टोचलेली शर्यत

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फटाक्यांपेक्षा मोठा आवाज झाला, तो मोटारींच्या शर्यतीवरून! आमचे भिगवण म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. मासळीचा बाजार, उजनीचे पाणी आणि हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी, एवढीच आमची ख्याती. फॉर्म्युला वनशी तुमचा संबंध काय, असे कोणी विचारील. वाचकहो, हा संबंध आता घरात शिरला आहे! 2019 साली नेटफ्लिक्सवर ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही माहितीपटांची मालिका सुरू झाली, आणि ज्यांनी मोटारींची शर्यत कधी प्रत्यक्ष पाहिली नाही, अशी पोरेही चालकांची नावे पाढ्यांसारखी घडाघडा म्हणू लागली.

आमचा पुण्याचा भाचा या पंथातला जुना भक्त. 2011 ते 2013 अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिचे तिकीट त्याने अजून जपून ठेवले आहे. आमची धाकटी पुतणी मात्र मालिका पाहून नुकतीच दीक्षा घेतलेली. चकली मोडता मोडता भाचेराव तिला म्हणाले, “अगं, तू शर्यतीची चाहती नव्हेसच. तू मालिकेची चाहती! त्यातले निम्मे तर रचलेले असते.” पोरीचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “काका, मग त्यातले खरे काय?”

प्रश्न पोरीचा असला तरी पोरकट नाही. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी भाचेरावांचा समाचार घेऊ. पंढरीच्या वाटेवर पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला कोणी वारकरी विचारतो काय, की तुला ही वाट कोणी दाखवली? तेथे नव्याच्याही पाया पडतात. मग शर्यतीच्या भक्तांनाच हे सोवळे कशाला? बरे, जाणतेपणाचा एवढा डौल मिरवावा, तर त्या जाणतेपणाचीही एक गोष्ट ऐका. 2018 साली चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची धातूची कमान बसवणे सक्तीचे झाले, तेव्हा कितीतरी जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. मोटारीचे रूप गेले म्हणे! पुढे 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोझाँची मोटार कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. सुमारे 28 सेकंदांनी तो गृहस्थ ज्वाळांतून बाहेर आला. त्याचे मस्तक राखले ते त्याच कुरूप कमानीने! खुद्द ग्रोझाँही पूर्वी तिच्या विरुद्ध होता. पण त्याने रुग्णालयातूनच आपले मत बदलल्याचे जगाला सांगितले. चालकाला जी नम्रता जमली, ती चाहत्यांना जमू नये?

मात्र भाच्याचा उद्धटपणा बाजूला ठेवला, तरी त्याचे दुसरे वाक्य खोटे ठरत नाही. या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात 2020 च्या हंगामाचे चित्रण आहे. मॅक्लॅरेन संघातले लँडो नॉरिस आणि कार्लोस साइन्झ यांच्यात ईर्ष्या धुमसत असल्याचा रंग त्यात भरला आहे. आणि हे दोघे तर एकमेकांची थट्टा करीत हिंडणारे दोस्त! जवळ नसलेल्या मोटारी शेजारीशेजारी धावत होत्या असे भासवले जाते, अशी तक्रार नॉरिसने 2022 साली केली. मॅक्स व्हरस्टॅपनने तर 2021 सालीच सांगून टाकले, की मालिकेत नसलेली वैरे रचली जातात. आणि त्याने मुलाखती देणेच थांबवले. पुढे निर्मात्यांशी बोलणे झाल्यावर तो परतला, हेही सांगितले पाहिजे.

यावर मालिकेचे कैवारी म्हणतात, “अहो, चित्रपट म्हटला की काटछाट आलीच.” काटछाटीला आमची ना नाही. निंदणी करणारी बाई शेतातले तण काढते. पण दुसऱ्याच्या शेतातले कणीस आणून आपल्या ताटाला बांधीत नाही! निवड निराळी, बनाव निराळा. आसिफ कपाडिया यांनी 2010 साली ब्राझीलच्या आयर्टन सेन्नावर ‘सेन्ना’ हा माहितीपट केला, तो जुन्या चित्रणातूनच उभा केला. त्यातही काटछाट आहे, बाजू घेणे आहे. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायला कोणाला लटके भांडण पुरवावे लागले नाही.

आणि भांडण लागतेच कशाला? 12 डिसेंबर 2021 रोजी अबू धाबीला हंगामाची शेवटची शर्यत झाली. तीत उतरताना हॅमिल्टन आणि व्हरस्टॅपन या दोघांचे गुण सारखे होते: प्रत्येकी 369.5! जगज्जेतेपद ठरले ते शेवटच्या फेरीत, आणि निकालाचा वाद कित्येक महिने चालला. एखाद्या लेखकाने असा शेवट लिहून नेला असता, तर ‘फारच ओढूनताणून’ म्हणून निर्मात्याने परत केला असता. सत्याच्या घरी अशी सुबत्ता असताना खोट्याच्या दारी उसने मागायला जावे, ही कसली दरिद्री बुद्धी!

आम्हां पुणे जिल्ह्यातील माणसांना हे निराळे शिकवायला नको. बैलगाड्यांच्या शर्यती आमच्या हाडीमांसी खिळल्या आहेत. गाडा जरा अधिक पळावा, लोकांनी जरा अधिक शिट्ट्या माराव्यात, म्हणून काहींनी बैलाला पराणी टोचली, शेपट्या पिरगाळल्या. परिणाम काय झाला? 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. 2017 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तरी शर्यत पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. आणि बैलाला यातना होऊ नयेत, या अटीवरच ती सुरू झाली. 2023 साली घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. टोचणीने शर्यत मोठी झाली नाही. ती सात वर्षे बंद पडली.

मालिकेतले रचलेले वैर ही तशीच पराणी आहे. फरक इतकाच, की ती चालकाला नव्हे, पाहणाऱ्याला टोचते. आमच्या पुतणीच्या वयाची मुले कोणावर तरी जीव टाकतात आणि कोणाचा तरी राग करू लागतात. जीव टाकायला थोडे चुकीचे कारण चालेल. रागाला मात्र खरे कारण हवे. ज्याने काही केलेच नाही त्याचा द्वेष करायची सवय एकदा लागली, की ती पडद्यापुरती राहत नाही. गावात, भावकीत, मतपेटीपर्यंत जाते.

म्हणून पुतणीला आम्ही सांगितले: बाळ, मालिका खुशाल पाहा, तिने तुला दाराशी आणले, तिचे उपकार मान. पण कोणाचा राग करण्यापूर्वी रविवारची सबंध शर्यत पाहा. आणि भाचेरावांना बजावले: तुला एवढे कळते ना? मग तिच्या शेजारी बसून समजावून सांग.

उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या पाहुण्यांतही दोन जाती असतात. एक नावाड्याला म्हणतो, “होडी थव्यात घाल, उडताना छायाचित्र हवे.” दुसरा मुकाट्याने बसून राहतो. रोहित उडतातच, त्यांच्या वेळेला उडतात. त्या वेळेची वाट पाहणारा, मग तो काल आलेला का असेना, आम्ही त्यालाच खरा चाहता म्हणू.