फळीखालचा बर्फ

आमच्या इब्रामपुरात बर्फ म्हटला की तो मासळीच्या टोपलीतला. त्यामुळे टोरांटोला मुलाकडे गेलो असताना तो म्हणाला, "बाबा, बर्फावरची हॉकी बघायला जाऊया," तेव्हा मी दोन स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा जामानिमा केला. उघड्यावर कुडकुडत बसायचे, असे वाटले होते. निघाले भर शहरातले बंदिस्त क्रीडागृह! जुन्या टपाल इमारतीच्या भिंती राखून उभारलेले, १९९९ साली सुरू झालेले. २०१८ पर्यंत त्याचे नाव एअर कॅनडा सेंटर होते, आता स्कॉशिआबँक अरिना. खेळाला १९ हजारांच्या आसपास माणसे बसतात.

मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि बर्फाचा थर जेमतेम इंच-सव्वा इंचाचा. खालच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरलेल्या असतात, त्यांतून अतिथंड द्राव फिरतो. मध्यंतरात एक बोजड यंत्र येऊन चरे पडलेला बर्फ तासते आणि मागे पाणी सोडत जाते. फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने ते १९४९ मध्ये बनवले. खरे सांगायचे तर खेळापेक्षा मी ते यंत्रच डोळे भरून पाहिले.

दोन दिवसांनी पुन्हा तिथेच गेलो, तर समोर बास्केटबॉल! लखलखीत लाकडी जमीन.

"अरे, बर्फ गेला कुठे?"

"आहे की, फळ्यांखालीच."

बर्फ वितळवत नाहीत. त्यावर थंडी अडवणारी आवरणे घालून वर लाकडी तक्ते जोडतात. कधी त्याच जागी गाण्याची मैफलही असते. मला आमच्या दशावताराचे बाकडे आठवले. तेच सिंहासन, तोच डोंगर. जागा एकच, रात्रीगणिक सोंग वेगळे.

असली मोठी क्रीडागृहे गोव्यातही आहेत. २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांच्या वेळी ताळगावला आणि नावेलीला उभी राहिली, म्हापशाला पेडे येथेही आहे. ताळगावच्या क्रीडागृहात इफ्फीचे सोहळे झाले, २८ मार्च २०२२ रोजी मंत्रिमंडळाचा शपथविधीही झाला. त्यात वावगे काही नाही. चार महिने धो धो पावसाच्या आपल्या मुलखात एवढे मोठे छप्पर रिकामे ठेवणे हेच पाप.

पण टोरांटोला मला खरा हेवा वाटला तो बर्फाचा नव्हे. खेळ संपला, हजारो माणसे उठली आणि आच्छादित वाटेने शेजारच्या युनियन स्टेशनात जाऊन गाडीत बसली. लहान पोरे बापाच्या खांद्यावर झोपलेली. शेवटची गाडी चुकेल म्हणून कोणी घड्याळाकडे पाहत नव्हते.

माझ्या पुतण्याची मुलगी आठवीत आहे, बॅडमिंटन खेळते. गेल्या पावसाळ्यात तिच्या स्पर्धेला मी सोबत गेलो होतो. गाव नि सभागृह सांगत नाही. सकाळचे सामने पाहुण्यांच्या सत्कारांमुळे दुपारवर गेले. शाली, श्रीफळे, भाषणे. (नारळ आमच्याच भागातले असावेत, चांगले मोठे होते.) उपांत्य सामन्यात पोरीने पहिला गेम जिंकला आणि मी घड्याळ पाहिले. शेवटची बस सुटायला वीस मिनिटे होती. भाड्याच्या गाडीएवढे पैसे खिशात नव्हते. मीच जाऊन पंचांना सांगितले, आम्ही सोडतो.

बसमध्ये ती काही बोलली नाही. उतरताना एवढेच म्हणाली, "आजोबा, मी जिंकत होते ना?"

"होय गो," म्हटले.

आता ती देवळासमोरच्या पत्र्याच्या मांडवात सराव करते. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज होतो की गुण ओरडून सांगावे लागतात. दोन खांबांना दोरी बांधून जाळे लावले आहे, दशावताराचे बाकडे भिंतीला सरकवून ठेवले आहे. फूल आढ्यात अडकले की त्याच बाकड्यावर चढून मी काढून देतो. जत्रेच्या आदल्या दिवशी दोरी सोडायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधायची, असे देवस्थानच्या मंडळींशी ठरले आहे.