कोडी, कोळी आणि काय

उमरीहून निझामाबादकडे निघालं की धर्माबादनंतर बासर लागतं आणि तेलुगूचा मुलूख सुरू होतो. तिथे वांग्याला वंकाय, भेंडीला बेंडकाय, मिरचीला मिरपकाय. 'काय' म्हणजे कच्चं फळ, शेंग. आपला 'काय' मात्र सदाचा प्रश्नार्थक. धर्माबादच्या मिरची बाजारात हे दोन्ही 'काय' एका पोत्याभोवती उभे राहतात आणि कुणाचा सौदा अडत नाही.

'कोडी'ची गंमत याहून मोठी. मराठीत ती उलगडायची. तेलुगूत कोडी म्हणजे कोंबडी. कन्नडमध्ये 'कोडि' म्हणजे 'द्या'. कन्नड कोंबडी 'कोळि'. आपल्याकडचा कोळी एक तर जाळं विणतो, नाही तर जाळं टाकतो. आपण जुळवतो ती मने; उदगीर-देगलूरकडच्या कानडी घरात 'मने' म्हणजे घरच.

असं काही कानावर आलं की आपल्यातला हौशी व्युत्पत्तिकार लगेच बाह्या सरसावतो. कोंबडी, कोडं आणि कोळी एका वंशावळीत बसवून मोकळा होतो. त्याला आमचा नमस्कार! तेलुगू कोडी आणि कन्नड कोळि या सख्ख्या बहिणी, द्राविडी कुळातल्या. आपल्या कोड्यांशी त्यांचं सुतक नाही की सोयर नाही. 'शिक्षा'ची गोष्ट निराळी. हिंदीत ती शाळेत मिळते. मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये गुन्ह्यानंतर. (आमच्या पिढीला दोन्ही एकाच वर्गात मिळाल्या.) तिथे मूळ संस्कृत एकच आहे. आणि अक्का, अण्णा तर शेजारून उसने आणलेले. परत करायचं नाव कुणी काढत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषा पाहून सीमा आखली गेली. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा, जुक्कल आंध्रात गेले; आदिलाबादचे किनवट, इस्लापूर इकडे आले. महसुली मंडळं वाटता आली. सोयरिकी आणि आठवडी बाजार कसे वाटणार?

यंदाचा दिवाळी अंक या सीमेवरच्या बोलीला दिला आहे. लेखकांनी शब्द जसे ऐकले तसे लिहिले, आम्हीही ते 'शुद्ध' करायला गेलो नाही. अडचण एकच आली: तेलुगू कोडीतला 'को' लांब, कन्नड कोडितला आखूड, आणि आपल्या नेहमीच्या लेखनात दोन्हींना एकच काना-मात्रा. तेव्हा हे लेख जमल्यास मोठ्याने वाचावेत, आणि शेजारी तेलुगू किंवा कानडी जाणणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्यावेत.