देवाचा राग कोणाच्या बाजूने?

दर वर्षी डिसेंबर आला की आपल्याकडच्या जलशांत, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि यूट्यूबवरच्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते. वक्ता हात वर करून विचारतो, "ज्या देवाला माफी देण्यासाठी आधी स्वतःच्या मुलाला सुळावर चढवावे लागते, तो कसला देव?" श्रोते हसतात, ‘सुभानल्लाह’ म्हणतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. दोन हजार वर्षांच्या एका धर्माचा निकाल दीड मिनिटात लागलेला असतो.

हा लेख त्या हशाविरुद्ध आहे. मला ख्रिस्ती सिद्धांत पटला म्हणून मी तो लिहीत नाही. तो मला पटलेला नाही, आणि का पटलेला नाही तेही पुढे सांगणार आहे. पण हसणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो, आणि ते हसू मला फार महागात पडले.

मी नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवत होतो. इथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासूनचे. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत एखादे ख्रिस्ती नाव असणे नवलाचे नव्हते. आमच्या एक बाई होत्या, भूगोल शिकवायच्या. एकदा डबा खाताना मी त्यांना तोच प्रश्न विचारला, जलशात ऐकला होता तसाच. बाई रागावल्या नाहीत. "सर, पोळी घ्या," एवढेच म्हणाल्या.

काही वर्षांनी त्यांचा मुलगा गेला. मोटारसायकलवरून घरी येत होता. मागून आलेल्या गाडीने उडवले आणि गाडी थांबली नाही. पुढे जे व्हायचे ते झाले. साक्षीदार फिरले. समोरची माणसे मध्यस्थ घेऊन पैसे द्यायला आली. त्यांच्याच समाजातल्या एका वडीलधाऱ्याने सांगितले, "बाई, आपला धर्म क्षमेचा आहे. माफ करून टाका." मी भेटायला गेलो तेव्हा बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता. आज मी विचारते. तुमचा अल्लाह रागावतो का? त्या गाडीवाल्यावर?"

मी म्हणालो, "हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझाही रागावतो. नाहीतर मी त्याच्यापुढे गुडघे कशाला टेकू?"

त्या दिवशी मला कळले, की ज्या प्रश्नावर आपण टाळ्या घेतो तो प्रश्नच अर्धवट आहे. देव रागावतो की नाही, आणि त्याचा राग कसा शमतो, एवढेच आपण विचारतो. तो कोणासाठी रागावतो, हे विचारत नाही.

आधी आपले घर पाहू. पाच वेळच्या फर्ज नमाजच्या सतरा रकाती होतात, आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा आहे. म्हणजे ज्यांच्यावर अल्लाहचा कोप झाला त्यांच्या मार्गापासून दूर ठेव, ही विनवणी आपण रोज किमान सतरा वेळा करतो. त्याच कुरआनच्या 114 पैकी 113 सूरह रहमान आणि रहीम या नावांनी सुरू होतात. आपली रहमत आपल्या कोपावर मात करते, असे अल्लाहने स्वतःजवळ लिहून ठेवल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मात करते, म्हणजे कोप आहेच. तेव्हा ‘ख्रिस्त्यांचा देव रागीट’ असे म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

आता त्यांच्या घरात डोकावू. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आज मराठीत सहज मिळते. आपल्या वक्त्यांनी ते एकदा तरी उघडावे. तिथे देवाच्या रागाची कथा सुरू होते ती काइनाने भावाला, हाबेलला मारले तिथून. मारला गेलेला बोलू शकत नाही, तेव्हा त्याचे रक्त जमिनीतून देवाला हाक मारते. हाबील आणि काबीलची ही कथा आपल्या सूरह माइदातही आहे. पुढे आमोस नावाचा संदेष्टा येतो. गरिबाला पायतणाच्या जोडीसाठी विकणाऱ्यांवर देव संतापला आहे आणि त्याला त्यांचे सण, त्यांची अर्पणे नकोशी झाली आहेत, असे तो सांगतो. येशू स्वतः रागावल्याचे मार्कच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. हात वाळलेला एक माणूस समोर उभा आहे, आणि शब्बाथच्या दिवशी याला बरा केला तर नियम मोडेल का, यावर लोक टपून बसले आहेत. त्यांच्या कठोर मनाचा त्याला राग येतो आणि दुःखही होते. राग आणि दुःख एकाच ओळीत, हे लक्षात घ्या.

हा राग मानापमानाचा नाही, दुबळ्याच्या वतीने आलेला आहे. ज्याला अन्याय पाहून काहीच वाटत नाही अशा देवाला दयाळू कोण म्हणेल? दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने जुन्या करारातला न्याय करणारा देव एक आणि येशूचा प्रेमळ देव दुसरा, अशी वाटणी करून पाहिली. ख्रिस्ती मंडळींनी त्याला पाखंडी ठरवून बाहेर काढले. राग काढून टाकलेला देव त्यांनाही नको होता.

मग सुळाचे काय? इथे आपल्या वक्त्यांची दुसरी चूक होते. देवाच्या न्यायाची भरपाई निरपराध पुत्राने शिक्षा भोगून केली, हीच जणू सगळ्या ख्रिस्ती जगाची एकमुखी श्रद्धा आहे असे ते धरून चालतात. येशूच्या मृत्यूने तारण होते, हे सर्व ख्रिस्ती मानतात. ते कसे होते, यावर कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने एकच एक सिद्धांत बांधून दिलेला नाही. 1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने मांडले, की पापाने देवाचा मान हिरावला जातो आणि त्याची भरपाई देवच मनुष्य होऊन करू शकतो. त्यात त्या काळच्या सरंजामी युरोपचा वास येतो, असे अनेक ख्रिस्ती अभ्यासकच म्हणतात. पुढे अबेलार्डने भर दिला तो सुळावरच्या प्रेमाने माणसाचे मन पालटते यावर. शिक्षेची भाषा ठळक झाली ती सोळाव्या शतकात, कॅल्व्हिन आणि इतर प्रोटेस्टंट सुधारकांकडून. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने या भाषेला कधी मध्यवर्ती स्थान दिले नाही. हा वाद आजही संपलेला नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या गीतसंग्रहातून एक लोकप्रिय भजन वगळले गेले. सुळावर देवाचा कोप शमला, अशा अर्थाची ओळ बदलायला त्याचे रचनाकार तयार नव्हते, आणि समितीतल्या बहुसंख्यांना ती ओळ मान्य नव्हती. म्हणजे ज्या मुद्द्यावर आपण बाहेरून हसतो, त्यावर ते आतून गंभीरपणे भांडत आहेत.

आणि ज्यांना शिक्षेचा सिद्धांत मान्य आहे, त्यांचे उत्तरही ऐकून घ्यायला हवे. ते म्हणतात, देवाने तिसऱ्याच कोणाला पकडून मारले नाही. पिता आणि पुत्र त्यांच्या श्रद्धेत दोन वेगळे देव नाहीत. न्यायाधीशाने दंड ठोठावला आणि खुर्चीवरून उतरून तो स्वतःच्या खिशातून भरला, असे त्यांचे म्हणणे. ‘मुलाला मारणारा बाप’ हे चित्र आपण रंगवलेले आहे. ते त्यांच्या श्रद्धेचे चित्र नाही. सूरह अन्कबूत सांगते, की ग्रंथधारकांशी वाद घालायचा तर उत्तम रीतीने घाला. समोरच्याचे म्हणणे वाकडे करून त्यावर हसणे ही उत्तम रीत खचितच नव्हे.

आता माझा विरोध. दंड पैशाचा असेल तर दुसरा कोणी भरू शकतो. अपराधाचे तसे नाही. माझ्या हातून खून झाला आणि माझ्या जागी कोणी स्वखुशीने फाशी गेला, तर त्याचे प्रेम थोर ठरेल, पण न्याय झाला असे म्हणता येणार नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआन पुन्हापुन्हा सांगते. बायबलमधल्या यहेज्केलच्या अठराव्या अध्यायाचा आशयही हाच आहे : बापाचे पाप मुलावर नाही, मुलाचे बापावर नाही, आणि वळला तो वाचला. निनवे शहराने पश्चात्ताप केला आणि देवाने शिक्षा मागे घेतली, ही हजरत यूनुस (अलै.) यांच्या लोकांची कथा दोन्ही ग्रंथांत आहे. येशूच्या दृष्टान्तातला उधळ्या मुलाचा बाप तर मुलगा दुरून दिसताच धावत जातो, कोणाकडून काही वसूल न करता. या पानांवरचा देव तौबा पुरेशी मानतो. मग मध्ये रक्त का हवे, हा माझा प्रश्न कायम आहे.

आणि याहून मोठा प्रश्न बाईंच्या मुलाचा आहे. अपराध्याचा हिशेब देवाशी मिटला, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? इस्लामने इथे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, म्हणजे अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क, असा भेद केला. माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्या माणसाला परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खरा दिवाळखोर कोण ते सांगितले : जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली, कोणाचा माल खाल्लेला, कोणाचे रक्त सांडलेले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापे याच्या माथी येतील. कोणी म्हणेल, इथेही ओझे हलवलेच की. हलवले, पण ते अन्याय करणाऱ्याच्या डोक्यावर आले, निरपराधाच्या नाही.

एवढे लिहून मी छाती फुगवणार होतो. पण ‘सुबोध बायबल’ पुन्हा चाळले. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवले की भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असे येशू सांगतो. जकातदार जक्कय, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो आणि मगच त्याच्या घरी तारण आल्याचे येशू म्हणतो. तेव्हा बाईंना ‘माफ करून टाका’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्याने त्यांचाच ग्रंथ नीट वाचलेला नव्हता. आपण तरी काय वेगळे करतो? मयताच्या वारसांना माफीचा हक्क शरीयतने दिला. गरीब घरावर मोहल्ल्यातले चार प्रतिष्ठित दबाव आणतात आणि त्या हक्काची सक्ती करून टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

देवाच्या रागाचा सर्वांत वाईट वापर मात्र दोन्हीकडचे उपदेशक सारखाच करतात. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने हा देवाचा कोप असल्याचे सांगितले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत गावेच्या गावे गाडली गेली, तेव्हा आपल्याकडच्या भाषणांतही मी हेच ऐकले. झोपेत मेलेल्या लेकरांनी कोणते पाप केले होते? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असे येशूने सांगितले होते. प्रेषितांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. प्रेषितांनी स्वतःच्या दुःखातही तो तोडून टाकला : सूर्यचंद्रांना कोणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही. तरीही आपण भूकंपात अल्लाहचा कोप पाहतो, आणि गाडी न थांबवता पळून गेलेल्याच्या बाबतीत आपल्याला अचानक रहमत आठवते. मेलेल्यांवर राग आणि दांडग्यांवर दया, हा हिशेब कोणत्याच ग्रंथातला नाही.

मजलूमाच्या हाकेपासून सांभाळून राहा, तिच्या आणि अल्लाहच्या मध्ये पडदा नसतो, ही प्रेषितांची (स.) ताकीद आपल्या प्रत्येक वक्त्याला पाठ आहे. बाईंच्या हाकेला ती लागू आहे की नाही, एवढे त्यांनी पुढच्या डिसेंबरात सांगावे. मग त्रैक्यावर, सुळावर, तारणावर खुशाल वाद घालावा. मीही घालेन.

हा मजकूर मी बाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि एका जागी बोट ठेवले. माझ्या जागी दुसरा फाशी गेला तर न्याय होत नाही, असे जिथे लिहिले आहे तिथे. म्हणाल्या, "तुम्ही आई असता तर हे वाक्य इतक्या सहज लिहिलं नसतं." माझे मत बदललेले नाही, म्हणून ते वाक्य तसेच ठेवले आहे. बाईंचेही ठेवले आहे.