बक्षिसापेक्षा कागद मोलाचा

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची लहानसहान यंत्रे तयार करणाऱ्यांसाठी देशात व परदेशात स्पर्धा भरतात, ही गोष्ट आपल्या बाजारात फारशी कोणाच्या कानी नाही. कानी आलीच तर 'हा पोरांचा खेळ, यात धंदा कुठला?' असे म्हणून लोक मोकळे होतात. आमचे मत निराळे आहे. ज्या बिरादरीच्या हातात हुनर आहे पण कागदावर काही नाही, तिने या स्पर्धांकडे आवर्जून पाहिले पाहिजे.

या स्पर्धांचा मूळ माल म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एकाच चिपमध्ये हिशेब करणारा मेंदू, थोडी स्मरणशक्ती आणि सेन्सर, बटण, मोटार जोडण्याची सोय. इटलीतील इव्रेआ येथे 2005 साली आर्डुइनो नावाचा बोर्ड निघाला आणि हे काम इंजिनिअरांपुरते राहिले नाही.

2015 सालच्या हॅकडे प्राइझ या स्पर्धेचे पहिले बक्षीस इंग्लंडच्या पॅट्रिक जॉयस यांच्या चमूला मिळाले. जॉयस यांना हातपाय निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार होता. डोळ्यांच्या इशाऱ्यावर विजेची चाकाची खुर्ची चालावी, असे साधन त्यांनी केले. खुर्चीची मोडतोड न करता तिच्या दांडीवर लहान मोटारी बसवल्या व त्या मोटारीच दांडी ढकलू लागल्या. ज्याची अडचण, त्यानेच तोड शोधली. आपल्या कारखान्यांतला मिस्त्री दररोज याहून वेगळे काय करतो?

यंत्रमागाचेच उदाहरण घ्या. साध्या मागाचा क्रँकशाफ्ट एकदा फिरला की एक पीक पडते. शाफ्टवर लोहचुंबक व शेजारी चुंबक ओळखणारा सेन्सर लावला की मोजणी सुरू. मिनिटाला 120 पिके म्हणजे तासाला 7,200. कापड 48 पिकांचे असेल तर हिशेबाने 150 इंच, म्हणजे सुमारे 3.8 मीटर. पीक मोजणारे तयार मीटर बाजारात मिळतात, हे खरे. पण माग थांबला का, हे ते सांगत नाहीत. तेथे तीन बटणे हवीत: ताण्याचा धागा तुटला, कांडी संपली, वीज गेली. आणि वीज गेल्यावरही नोंद राहावी म्हणून एक छोटी बॅटरी. मालक आणि विणकर यांच्यात मजुरीवरून जी कुरबूर होते, तिच्यातली निम्मी अशा नोंदीने मिटेल, असे आम्हांस वाटते. ही तीन बटणे कोणती असावीत, हे कॉलेजच्या प्राध्यापकापेक्षा मागावर उभा राहणारा अधिक जाणतो.

मग अडते कुठे? कागदावर. परीक्षक नुसते यंत्र पाहत नाहीत. अडचण काय होती, तारा कशा जोडल्या, प्रोग्राम कोणता, चाचणीत काय बिघडले, सुटे भाग किती रुपयांचे, हे सारे ते मागतात आणि तेही ठरलेल्या तारखेच्या आत. आपल्याकडे उस्तादाची विद्या त्याच्या हातात असते. शागीर्दाने बघून बघून जेवढी उचलली तेवढी उरते, बाकीची उस्तादाबरोबर जाते. स्पर्धेमुळे ही विद्या कागदावर उतरली, तर बक्षीस न मिळताही प्रवेश वसूल झाला असे आम्ही समजू.

'आमची मुले उर्दू माध्यमाची, इंग्रजीत लिहिणार कसे?' असा सवाल होईल. आम्हीही उर्दू माध्यमातच शिकलो. आकृती, फोटो आणि आकडे यांना माध्यम नसते. उरलेल्या मजकुरासाठी मोहल्ल्यातील पॉलिटेक्निकचा विद्यार्थी सोबत घ्यावा. मिस्त्रीचा हात व विद्यार्थ्याची लेखणी एकत्र आली की चमू तयार झाला. अशी जोडी नियमांच्या दृष्टीनेही कामाची. 2020 साली केंद्र सरकारने जाहीर केलेले स्वदेशी मायक्रोप्रोसेसर चॅलेंज विद्यार्थी व स्टार्टअप यांच्यासाठी होते. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' व सी-डॅकच्या 'वेगा' प्रोसेसरवर काम करायचे होते आणि एकूण मदत 4 कोटी 30 लाख रुपयांची होती. एकट्या कारागिराला तेथे दार बंद, जोडीला उघडे.

एक गोष्ट मात्र व्यापारी म्हणून बजावून सांगतो. प्रवेशापूर्वी नियम अक्षरशः वाचावेत. रचनेची मालकी कोणाकडे राहणार? ती सर्वांसाठी खुली करावी लागणार काय? आपल्या पेटंट कायद्यात अर्जापूर्वीच रचना जगजाहीर झाली की तिचा नवेपणा गेला असे सहसा धरतात. ज्याला पेटंट हवे त्याने आधी प्रोव्हिजनल अर्ज द्यावा, पूर्ण अर्जाला त्यानंतर 12 महिने मिळतात. ज्या वस्तूत गुपित ठेवण्याजोगे काही नाही, ती खुशाल खुली करावी. नाव तरी होते.

राहिला खर्च. बोर्ड, सेन्सर, बटणे, बॅटरी यांचा खर्च एखाद्या दावतीच्या खर्चापुढे काहीच नाही. तेव्हा आपल्या व्यापारी बांधवांनी वर्षाला एका जोडीच्या सामानाची जबाबदारी घ्यावी आणि ती रक्कम दान म्हणून नव्हे, भांडवल म्हणून वहीत लिहावी. वर्षअखेरीस हिशेब मागताना बक्षीस किती आले हे विचारू नये. कागद किती तयार झाले, हे विचारावे.