गियर पडेनासा झाला म्हणजे

मोटारगाडी ही आतां केवळ श्रीमंतांच्या दारांत दिसणारी वस्तु राहिलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत तर एकच गाडी चार-पांच हातांतून फिरत असते, आणि तिच्यांत कांहीं बिघाड झाला कीं यंत्राच्या चौकशीपूर्वीं माणसांची चौकशी सुरू होते. ‘काल गाडी कोणीं नेली होती?’ हा प्रश्न जेथें कधींच ऐकूं आला नाहीं असें घर आम्हांस तरी ठाऊक नाहीं. आमच्याच घरीं घडलेली एक हकीगत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. तींत एका नेहमींच्या दुखण्याचें निदानही आहे, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या गाडीचा गियर जड पडूं लागला. सकाळीं पहिला गियर टाकतांना दांडा अडे, आणि उलट गियर टाकतांना कर्रकन् आवाज होई. गाडी बहुतेक आमच्या पुतण्याची पत्नी चालविते; मुलांची शाळा, वृद्धांचा दवाखाना हीं कामें तिच्याकडेच आहेत. आमच्या वडील बंधूंनीं चाळीस वर्षें गाडी हांकलेली असल्यामुळें त्यांनीं निदान तत्काळ केलें : “सूनबाई, तुझा पाय क्लचवर पुरता जात नाहीं. अशानें गियरबॉक्स खराब होईल.” “मामंजी, मी पाय अगदीं तळाला टेकवितें, तरी दांडा अडतो,” असें ती म्हणाली, परंतु तिकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. आम्हीही गप्प राहिलों.

पुढें आठ दिवसांनीं कुलदैवताच्या दर्शनासाठीं आम्ही सारे गुहागरास निघालों. उंब्रज, पाटण, कोयनानगर असा मार्ग आक्रमून गाडी कुंभार्ली घाट उतरूं लागली. एका वळणाच्या अलीकडे सूनबाईनें तिसरा गियर काढला. पण दुसरा पडेना. गाडी गियरविना उताराला लागली. उतारावर एंजिनाचा अटकाव सुटला म्हणजे सारा भार ब्रेकवर येतो, हें सांगावयास नकोच. मागें दोन मुलें आणि आमच्या वहिनी बसलेल्या. सूनबाईनें एका पायानें ब्रेक धरून दुसऱ्या पायानें क्लच दोन-तीन वेळां भराभर दाबला, तेव्हां गियर पडला. पुढें रुंद जागा येतांच तिनें गाडी कडेला उभी केली. त्या वेळीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

चिपळुणांत एका कारखानदारानें दांडा दोनदां हलवून पाहिला आणि संपूर्ण गियरबॉक्स खालीं उतरवावा लागेल असें सांगितलें. खर्चाचा आंकडा मुलांच्या वर्षाच्या फीच्या आसपास जात होता. आम्हीं एक दिवसाची मुदत मागितली, आणि त्या संध्याकाळीं आमच्या आतेबहिणीच्या अंगणांत स्वतःच परीक्षा करावयास बसलों.

परीक्षेपूर्वीं यंत्राची रचना थोडक्यांत समजून घ्यावी. एंजिन व गियरबॉक्स यांच्यामध्यें क्लचची प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरांतील द्रव नळींतून दुसऱ्या सिलिंडरास रेटतो आणि प्लेट मोकळी होते. कित्येक गाड्यांत हेंच काम तारेची केबल करते. गियरबॉक्सच्या आंत निरनिराळ्या वेगानें फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतवावयाचे असतात. चालत्या आगगाडींत चढणारा मनुष्य जसा आधीं गाडीबरोबर धांवून वेग सारखा करतो, तसें हें काम आंतील पितळी कडीं करतात. ही योजना कॅडिलॅक गाडींत १९२८ सालीं प्रथम आली. तत्पूर्वीं चालकास दर गियरला क्लच दोनदां दाबून स्वतःच वेग जुळवावा लागे. क्लच पुरता न सुटल्यास एंजिन आंतला दंड फिरवीतच राहतें, आणि त्यापुढें पितळी कड्यांचें कांहीं चालत नाहीं.

यावरून पहिली परीक्षा निघते. गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक लावून, एंजिन बंद असतांना सर्व गियर टाकून पाहावे. मग एंजिन सुरू करून पुन्हां पाहावे. बंद असतांना सहज पडतात व सुरू असतांना अडतात, तर दोष क्लच न सुटण्याचा आहे. दोन्ही वेळां अडतात, तर दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंतची जोडणी, आंतील तेल किंवा आंतील भाग यांकडे पाहावें.

दुसरी परीक्षा उलट गियरची. ब्रेक व क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावें आणि मग उलट गियर टाकावा. एवढें थांबूनही कर्र वाजलें, तर प्लेट मोकळी होत नाहीं असें समजावें. तिसरी परीक्षा सूनबाईनें घाटांत नकळत केलीच होती : पेडल दोन-तीनदां दाबल्यावर गियर पडत असेल, तर नळींत हवा शिरली आहे किंवा द्रव कोठें तरी गळत आहे.

याउलट एकच गियर अडतो व बाकीचे नीट पडतात, तर त्या गियरचें कडें झिजलें असण्याचा संभव फार. तेथें क्लच दोनदां दाबण्याची जुनी रीत वापरून गियर मुकाट्यानें पडला, तर संशय बळकट होतो. केवळ थंडीच्या सकाळीं अडून गाडी तापल्यावर मोकळा होत असेल, तर तेल जुनें, कमी किंवा चुकीच्या जातीचें असेल. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. आणि या सर्वांपूर्वीं पेडलखालील पायपुसणें पाहावें. एकावर एक दोन घातलीं असतां पेडल तळापर्यंत पोंचतच नाहीं.

आमच्या गाडींत एंजिन बंद असतांना सारे गियर लोण्यांतून सुरी जावी तसे पडले. सुरू करतांच अडले. पायपुसणें उचललें तों पेडलच्या वरच्या बाजूस मास्टर सिलिंडरपाशीं ओल व चिकटपणा होता. डब्यांतील द्रवाची पातळी खालच्या खुणेच्या खालीं गेलेली होती. गियरबॉक्स निर्दोष होता, आणि सूनबाईचा पायही निर्दोष होता. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या एका कारागिरानें मास्टर सिलिंडर बदलला, नळींतील हवा काढली व नवा द्रव भरला. आदल्या आंकड्याच्या लहानशा अंशांत काम झालें.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक व क्लच यांचा द्रव एकाच डब्यांतून येतो, आणि क्लचच्या नळीचें तोंड वर असल्यामुळें पातळी उतरली कीं आधीं क्लच बिघडतो. म्हणून जड गियर ही केवळ गैरसोय समजूं नये. हा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो व मग घाटांत ब्रेक तापले असतां लौकर उकळूं शकतो. तो सुमारें दोन वर्षांनीं, अथवा पुस्तकांत सांगितलें असेल त्याप्रमाणें, बदलावा. त्यांत दुसरें कोणतेंही तेल घालूं नये, कारण त्यानें आंतील रबर फुगतें.

चिपळुणाहून निघतांना वडील बंधूंनीं किल्ली सूनबाईच्या हातीं दिली आणि म्हणाले, “तूं सांगत होतीस तेव्हांच पाहावयास हवें होतें.” एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्या मनुष्यानें एवढें बोलणें सोपें नसतें. आम्हीं मात्र तें आठ दिवस आधींच बोलावयास हवें होतें. गाडी रोज जो चालवितो त्याच्या हातापायांस तिचें दुखणें सर्वांआधीं कळतें. आमच्या घरीं आतां गाडींत एक वही ठेविली आहे. चालविणाऱ्यास जें खटकेल तें त्यानें तींत तारखेसह लिहावें, आणि रविवारीं सर्वांनीं तें वाचावें, असा नियम केला आहे. वाचकांनींही तो करून पाहावा.